मे महिना, अकरा पोरं, दोन धोतरांचा पडदा: पहिल्याच्या तोडीचा दुसरा भाग कुठला?

वडगावची आत्या:

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, मी बाई हाय, खरं 'सांगतो', 'बघतो' असंच लिहिणार. पुण्याची भाची दरवर्षी हसते, "आत्या, तू 'मी येतो' काय म्हणतेस ग?" आमच्या बेळगावात बायका असंच बोलतात. पन्नाशी उलटली, आता कुठं जीभ वळवत बसू.

विषय कार्टूनच्या पिक्चरचा हाय. मे महिन्यात आमच्यात अकरा पोरं जमतात. चार घरचीच, तीन कोल्हापूरची, दोन पुण्याची, आणि हुबळीच्या नणंदेची दोन, ती कानडी शाळेत. इथल्या शाळा मे सरता सरता उघडतात, कोल्हापूर-पुण्याच्या निम्मा जून गेल्यावर. म्हणजे सगळी एका ताटात जेवतात ती मेमध्येच.

घरात चार माग आहेत. ते चालू असले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं पिक्चर कुठला. रात्री आठला माग बंद झाले की अंगणात पडदा लागतो. पडदा म्हणजे सासऱ्यांची दोन धोतरं, मधोमध जोडून शिवलेली. शिवण मीच घातली, जरा जाड आली. त्यामुळं पडद्याच्या मध्ये जो कोण उभा राहील त्याच्या नाकावरनं रेघ जाते. प्रोजेक्टर दिराचा, लग्नाच्या शूटिंगवाल्याकडनं जुना घेतलेला.

गेल्या वर्षी सगळे पहिले भाग झाले: नीमो, पांडा ('कुंग फू पांडा'), टॉय स्टोरी, शाहरुखच्या आवाजातला 'हम हैं लाजवाब' (म्हणजे 'द इन्क्रेडिबल्स' हिंदीतनं). यंदा पहिल्या दिवसापासनं एकच धोशा, "दुसरा लाव." माझी कसोटी साधी हाय. पिक्चर चालू असताना पाणी प्यायला किती जण उठतात ते मोजायचं. पाच वर्षांच्या पोराला तहान लागत नाही, कंटाळा लागतो.

रविवारी 'कार्स'चा दुसरा लावला. नऊ जण उठले. त्यातली दोघं परत आलीच नाहीत, आंब्याच्या अढीपाशी सापडली, तोंडं पिवळी करून. पहिल्यात त्या मिजासखोर गाडीला आडगावात अडकून रस्ता करून द्यावा लागतो. ते पोरांना बरोबर कळलेलं, आमच्या गल्लीत डांबर कधी पडतंय याची वाट सगळेच बघालेत. दुसऱ्यात टोकियो, इटली, लंडन आणि हेरगिरी. कोल्हापूरचा धाकटा म्हणाला, "आत्या, गाड्या त्याच हाईत, खरं गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी हाय."

तर विचारतो: पहिल्याच्या तोडीस तोड असा दुसरा भाग कुठला? अट एवढीच की हिंदीतनं मिळायला पाहिजे, सगळ्यांना कळणारी तीच एक भाषा. सगळ्यात लहान पाच वर्षांचा, मोठी पंधराची. आणि बाजेवर सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना हिंदी येत नाही, खरं त्यांचं मत सगळ्यात कडक असतं.


खानापूरचा धुवांधार:

आत्या, मूळचा खानापूरचा, आता पुण्यात अ‍ॅनिमेशनच्या कामात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

माझं मत विचाराल तर 'टॉय स्टोरी'चा दुसरा भाग (१९९९). आणि गंमत म्हणजे तो चांगला होण्याचं काही कारणच नव्हतं. त्या काळात दुसरा भाग म्हणजे थिएटरला न लावता थेट व्हिडिओ कॅसेटवर विकायचा माल. डिस्नेनं अल्लादीनचा दुसरा भाग १९९४ मध्ये असाच काढला, 'लायन किंग'चा १९९८ मध्ये. पैसे कमी, वेळ कमी. टॉय स्टोरीचा दुसराही आधी कॅसेटसाठीच ठरलेला. मग थिएटरचा केला.

काम चालू असताना कुणाच्या तरी हातून एक आज्ञा चुकीच्या जागी गेली आणि कॉम्प्युटरवरच्या फायली पुसल्या जायला लागल्या. बघता बघता पात्रं गायब. बॅकअप काढायला गेले तर तो बिघडलेला. वाचले ते गॅलिन सुसमन या बाईंमुळे. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, घरून काम करायच्या, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला. बाळंतिणीनं पिक्चर वाचवला म्हणायचं.

आता खरी गोष्ट पुढे आहे. एवढं करून वाचवलेला पिक्चर त्यांनाच आवडला नाही. गोष्टीत दम नव्हता. रिलीजला नऊ महिने उरलेले असताना त्यांनी गोष्ट जवळजवळ पहिल्यापासून पुन्हा बांधली. आमच्या धंद्यात नऊ महिन्यांत अख्खा पिक्चर म्हणजे तुमच्याकडं पंधरा दिवसांत शंभर साड्या उतरवायला सांगण्यासारखं. लोकांची मनगटं गेली त्यात, अक्षरशः.

त्यात जेसी म्हणून काऊगर्ल बाहुली येते. तिची मालकीण मोठी होते, बाहुली पलंगाखाली पडून राहते, आणि एक दिवस मुलगी तिला हातात घेते. जेसीला वाटतं, आली आठवण. गाडीतून घेऊन जाते आणि दान द्यायच्या खोक्यात ठेवून देते. तीन मिनिटांचं गाणं आहे फक्त. पहिल्या भागात खेळण्याला भीती होती नवं खेळणं येण्याची, इथं पोर मोठं होण्याची. ही भीती पहिल्यापेक्षा मोठी आहे आणि तिच्यावर इलाज नाही. म्हणून तोडीस तोड.

'कार्स २'बद्दल तुमचा कोल्हापूरचा गडी बरोबर बोलला. त्याला आमच्याकडं पाठवा, स्टोरी डिपार्टमेंटला लावतो.


निपाणीचे मास्तर:

ताई, मी चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. हे दुसरे-तिसरे भाग म्हणजे पहिल्या पाण्याचा चहा संपला की त्याच पावडरीवर पुन्हा पाणी ओतणं. 'श्रेक'चा पहिला बघितला, उत्तम. दुसराही ठीक, ते बूट घातलेलं मांजर आलं म्हणून. तिसऱ्याला मी खुर्चीत झोपलो आणि नातवानंही मला उठवलं नाही, कारण तोही झोपला होता.

पण परदेशीच कशाला? आपला 'हनुमान' घ्या, २००५ चा. आमच्या वर्गातल्या पोरांनी तो भक्तीनं बघितला, बाल हनुमान सूर्य गिळायला जातो तिथं टाळ्या. मग २००७ मध्ये 'रिटर्न ऑफ हनुमान' आला, दिग्दर्शक अनुराग कश्यप. त्यात हनुमान माणसाचा जन्म घेऊन या काळात येतो, शाळेत जातो. मला तो उथळ वाटला. पोरांना मात्र दुसराच जास्त आवडला. कारण विचारलं तर एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, पहिल्यातला देव हाय, दुसऱ्यातला आमच्या वर्गातला हाय." त्याला मी काय उत्तर देणार. कपाळ.

तोडीचा म्हणणार नाही मी. वेगळा आहे. सासूबाईंना दाखवा, मारुती म्हटल्यावर त्या नाही म्हणायच्या नाहीत.


वडगावची आत्या:

गुरुजी, नमस्कार. सासूबाईंना विचारलं. "मारुती शाळेत कशाला जातोय, त्याला काय कमी हाय?" म्हणाल्या. बाद झाला.

खानापूरच्या दादा, पंधरा दिवसांत शंभर साड्या हा हिशोब घरात वाचून दाखवला. दीर म्हणालेत, वीज राहिली तर होतंय की, अडचण वीज देणाऱ्यांची हाय.


टिळकवाडी_एसएसएलसी:

आत्या, मी यंदाच दहावी दिली. 'इनसाइड आउट'चा दुसरा भाग बघा (२०२४). पहिला २०१५ चा होता, तेव्हा मी पहिलीच्या आसपास असेन. त्यात रायली नावाच्या मुलीच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती, किळस असे पाच जण बसून कळफलक चालवतात. दुसऱ्यात ती तेरा वर्षांची होते आणि नवे चौघं येतात. त्यातली मुख्य म्हणजे चिंता, नारिंगी रंगाची, केस उभे, सामानाच्या बॅगा घेऊन राहायलाच आलेली.

मी तो गणिताच्या पेपरच्या आधी चार दिवस बघितला. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, हेडफोन लावून. एका जागी रायली हॉकीच्या सामन्यात शिक्षा म्हणून बाजूच्या कठड्यात बसते आणि तिला श्वासच घेता येत नाही. आत चिंता कळफलकाभोवती एवढी जोरात फिरतीये की नुसतं वादळ दिसतं, आणि त्या वादळाच्या आत ती स्वतः एकदम थिजलेली, डोळ्यांत पाणी. तिलाही थांबता येत नाहीये. मला तोपर्यंत वाटत होतं की असं मला एकटीलाच होतं. हातपाय गार पडणं, वगैरे. मी पिक्चर तिथं थांबवला आणि आईला जाऊन सांगितलं. आई भाकऱ्या करत होती. तिनं तवा उतरवला.

पहिला जास्त हसवतो, त्यातल्या बिंग बाँगचं, म्हणजे रायलीच्या लहानपणीच्या काल्पनिक मित्राचं, तर मला अजून रडू येतं. पण पहिला आई-बाबांनी मुलांना दाखवायचा आहे आणि दुसरा मुलांनी आई-बाबांना. तुमच्या पंधरा वर्षांच्या मुलीला दाखवा. पाचवाला पाणी प्यायला जाईल, जाऊ दे त्याला.

आणि 'पुस इन बूट्स'चा दुसरा (२०२२) पहिल्यापेक्षा खूप म्हणजे खूप चांगला आहे, पण त्यात लांडग्याच्या रूपात मरण येतं, शिट्टी वाजवत. लहान असतील तर रात्री अंगणात नको. माझा भाऊ आठवडाभर बाथरूमला एकटा गेला नाही.


हुक्केरीचा कानडी जावई:

आत्या नमस्कार. माझं सासर मराठी, मी कानडी. घरात दोन पोरं, एक आईच्या बाजूचं, एक माझ्या बाजूचं. तुमच्या हुबळीवाल्या पोरांसाठी सांगतो. स्पायडर-मॅनच्या कार्टूनचा दुसरा भाग, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत आणला होता. त्यात मराठी पण आणि कन्नड पण. आम्ही खूश झालो, म्हटलं आता भांडण मिटलं. तर कसलं मिटतंय? मराठीतनं बघायचा की कन्नडातनं यावर दोन दिवस भांडण झालं. शेवटी बायको "साकु" (कानडीत 'पुरे') म्हणाली आणि हिंदीतनं लावली. सीमाप्रश्न आमच्या हॉलमध्ये हिंदीनं सोडवला.

पिक्चर पहिल्यापेक्षा मोठा, चित्रं तर अशी की प्रत्येक जगाचा रंग वेगळा. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून 'मुंबॅटन' नावाचं शहर आहे, तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर, तो चाय टी म्हणणाऱ्याला झापतो तिथं आमची दोन्ही पोरं एकाच भाषेत हसली. अडचण एकच. सव्वादोन तासांवर बसल्यावर पिक्चर अर्ध्यात सोडून देतो, पुढचं पुढच्या भागात. माझ्या बाजूच्या पोरानं रिमोट फेकला. मे महिन्यात अकरा पोरांपुढं असं करू नका, ते तुम्हाला सोडणार नाहीत.

त्यापेक्षा पांडाचा दुसरा लावा. बास. त्याबद्दल मी काय सांगत नाही, बघा.


खानापूरचा धुवांधार:

पांडा २ ला माझंही मत. मी तो विसरलो कसा? २०११ चा. दिग्दर्शक जेनिफर यू नेल्सन. पोच्या, म्हणजे त्या पांडाच्या, लहानपणीच्या आठवणी त्यात बाकीच्या पिक्चरसारख्या नाहीत, हातानं काढलेल्या सपाट चित्रांत दाखवल्यात. आत्या, धोतराच्या पडद्यावर त्या जास्त खुलतील, पैज लावतो.

'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'चा दुसराही चांगला (२०१४), पण त्यात नायकाचा बाप जातो, आणि तोही त्याच्याच लाडक्या ड्रॅगनच्या हातून. लहानांचं बघून ठरवा.


वडगावची आत्या:

मंडळी, उशीर झाला लिहायला, धाग्यांचा माल यायचा होता. तीन पिक्चर झाले.

आधी 'लाजवाब'चा दुसरा लावला, तुमच्यापैकी कुणी सांगितला नव्हता, पोरांनीच धरला. पहिला २००४ चा, दुसरा २०१८ चा, मधे चौदा वर्षं, खरं गोष्ट पहिला जिथं संपला तिथंच चालू होते. पोरं वाढलेली नाहीत, बाप म्हातारा नाही. सासूबाई म्हणाल्या, "ह्यांच्यात बरंय." हिंदीत आईला काजोलचा आवाज. तान्हं पोर मागच्या अंगणात कचरा उपसायला आलेल्या त्या रॅकूनशी मारामारी करतं, तिथं धोतर हलेपर्यंत हसलीत. बाकी ठीक. पाच उठले. तोडीचा नाही, खरं पैसे वसूल.

टॉय स्टोरीला तीन उठले. जेसीचं गाणं चालू झालं तेव्हा ती बरोबर शिवणीवर. तिच्या तोंडाचे दोन भाग झालेले. पुण्याची भाची काय बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी माळ्यावरनं तिची जुनी बाहुली मागून घेतली. केस नाहीत तिला. पुण्याला नेणार म्हणते.

आणि परवा पांडा. एकही उठला नाही. सांगायचंच तर असं हाय की गेल्या वर्षी पहिला भाग संपल्यावर हुबळीच्या धाकटीनं विचारलेलं, "ह्याचा बाप बदक कसा काय?" सगळी हसली. मीही हसलो आणि झोपा म्हणालो. वर्षभर कुणी उत्तर दिलं नाही तिला. हा दुसरा पिक्चर त्या एका प्रश्नावरच उभा हाय. राजाचा मुलगा एक मोर असतो, शेन नावाचा, फटाक्याच्या दारूच्या तोफा करणारा. काळ्या-पांढऱ्या वीराकडनं तू हरशील असं भविष्य त्याला सांगतात म्हणून तो पांडांची वस्तीच मारून टाकतो. पळताना आई आपलं पोर मुळ्याच्या खोक्यात ठेवते आणि लांडग्यांना आपल्या मागं लावून दुसरीकडं धावते. ते खोकं येऊन पडतं त्या बदकाच्या खानावळीच्या मागं. मुळे आणलेत म्हणून उघडतो तर आत पोर. मुळे सगळे खाऊन बसलेलं.

माझ्यापेक्षा सासूबाई आधी समजल्या. हिंदीचं अक्षर कळत नाही त्यांना. खोकं दिसल्याबरोबर बाजेवर उठून बसल्या, "हे यशोदेचं झालं की ग," म्हणाल्या. आणि मग दर पाच मिनिटाला, "देवकी कुठं गेली? देवकीचं काय झालं?" हुबळीची धाकटी त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. ती त्यांना कानडीत सांगाली, त्या तिला मराठीत विचाराल्यात, आणि दोघींचं बरोबर चाललेलं.

तोफा सुटायला लागल्या आणि वळीव आला. आधी वाटलं पिक्चरमधलाच आवाज. मग धोतराला थेंब लागले, जिथं लागले तिथं चित्र काळं. दिरानं प्रोजेक्टर लुंगीत गुंडाळला, पोरांनी धोतर सोडवलं, सासूबाईंची बाज चौघांनी त्यांच्यासकट उचलली आणि सगळी मागाच्या शेडात. दिवे गेले ते गेलेच. अर्धा तास अकरा जण अंधारात मागांच्या मधे बसून पुढं काय होणार ते एकमेकाला सांगालेत. कोल्हापूरचा म्हणाला मोर मरणार. पुण्याची म्हणाली माफी मागणार. सासूबाईंनी सांगितलं की देवकी परत येत नसती, त्याला यशोदेकडंच जायचं हाय.

साडेदहाला वीज आली. शेडातल्या चुन्याच्या भिंतीवर उरलेला बघितला, शिवण नव्हती, सगळ्यांची नाकं सरळ. पो घरी येतो आणि बदकाला सांगतो मी तुझाच मुलगा, तिथं सासूबाई नुसत्या मान हलवाल्यात. शेवटी मात्र एक म्हातारा पांडा दाखवतात, लांब कुठं तरी, त्याला कळतं की माझं पोर जिवंत हाय. धाकटी एकदम उठून उभी राहिली. "आज्जी, वसुदेव!"

आता तिसरा मागालेत. तिसरा बघितलेल्यांनी सांगा, लावू का नको? आणि शेडातच लावायचा तर एचडीएमआयची वायर दहा मीटरची लागतीय, आमची तीनची हाय. बेळगावात स्वस्तात कुठं मिळेल? दीर ऑनलाइन मागवू म्हणालेत, खरं ती येईपर्यंत हुबळीची पोरं जातात.